लूपमध्ये थांबलेलं मॉड्यूल: एका हलक्या वेब सर्व्हरचं प्रकरण

एका टीमने स्वतः लिहिलेल्या वेब सर्व्हरचं हे प्रकरण. सी भाषेतला, लिनक्सवर चालणारा, आकाराने छोटा आणि मॉड्यूल जोडत वाढवता येईल असा. एरवी वेगाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण मधूनच काही केबींचं एखादं चित्र मिळायला कधी दोन सेकंद लागायचे, कधी चार. पाचाच्या वर मात्र कधीच नाही. आणि सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये त्याच रिक्वेस्ट मिलिसेकंदाच्या आत उरकलेल्या दिसायच्या.

स्वतःचा सर्व्हर लिहायचाच कशाला, हे आधी निकालात काढू. बहुतेकांनी लिहू नये. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये ‘सी१०के’ नावाने मांडलेला प्रश्न, म्हणजे एका यंत्रावर एकाच वेळी दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची, कधीचाच सुटलेला आहे. यान क्नेश्के यांचा लाइटटीपीडी २००३ चा. इगोर सिसोएव यांनी २००२ मध्ये हाती घेतलेला एंजिन-एक्स २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. दोन्हींची कल्पना एकच: प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस द्यायची नाही. मोजक्या प्रोसेस ठेवायच्या आणि प्रत्येकीने इपोलसारख्या सोयीने कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या मुख्य भागाला) विचारत राहायचं की आता कोणत्या सॉकेटवर (कनेक्शनच्या टोकावर) काम आहे. या सतत विचारत राहण्याच्या फेऱ्या म्हणजेच लूप. या टीमला मात्र एक खरी अडचण होती. त्यांच्याकडे छोट्या फाइल इतक्या होत्या की त्या डिस्कवर सुट्या न ठेवता मोठ्या गठ्ठा-फाइलींत एकामागोमाग भरलेल्या होत्या. कोणती फाइल कोणत्या गठ्ठ्यात, कितव्या बाइटपासून, किती लांबीची, हा निर्देशांक मेमरीत. साठवण आणि सर्व्हर एकाच प्रोसेसमध्ये असले की रिक्वेस्ट आली, निर्देशांक पाहिला, सेंडफाइलला (फाइल थेट सॉकेटकडे पाठवणाऱ्या कर्नलच्या सोयीला) ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचा बाइट, आणि लांबी दिली, संपलं. हे एंजिन-एक्सच्या मॉड्यूलमध्येही बसवता आलं असतं असं माझं मत आहे. पण निर्णय झाला होता, आणि अगदीच चुकीचा नव्हता.

रचना

एक मुख्य प्रोसेस, आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे एक वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस. प्रत्येक वर्करचं स्वतःचं इपोल, सगळे सॉकेट नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे काही आलेलं नसेल तर वाट न पाहता लगेच परतणारे. नुसत्या उघड्या राहिलेल्या कीप-अलाइव्ह कनेक्शनला बफर द्यायचा नाही. पहिला बाइट आल्यावरच द्यायचा. हलकेपणा मुख्यतः इथून येतो. लोक बायनरीचा आकार मोजत बसतात, पण खरी मेमरी खातात ती निवांत बसलेली कनेक्शन.

प्रत्येक वर्करचा ऐकणारा सॉकेटही वेगळा होता. लिनक्स ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून, एसओ-रीयूजपोर्ट वापरून एकाच पोर्टवर अनेक सॉकेट बांधता येतात आणि नवं कनेक्शन कुणाला द्यायचं ते कर्नल पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून (त्यांतून काढलेल्या एका आकड्यावरून) ठरवतो. चाचणीत काम छान समान वाटलं जायचं. हा निर्णय लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

वाढवण्याची सोय अशी: रिक्वेस्टचे टप्पे ठरलेले, म्हणजे हेडर वाचून झाले, परवानगी तपासायची, मजकूर द्यायचा, लॉग लिहायचा. प्रत्येक टप्प्यावर मॉड्यूलने आपलं फंक्शन नोंदवायचं. फंक्शनने तीनपैकी एक उत्तर द्यायचं: ‘झालं’, ‘माझं काम नाही’ किंवा ‘चूक’. इंटरफेस एका पानात मावायचा आणि टीमला त्याचा अभिमान होता. नवीन माणूस दुपारपर्यंत मॉड्यूल लिहू शकायचा.

सगळी मेख या तीन उत्तरांत होती. ‘अजून नाही, मग सांगतो’ असं म्हणायची सोयच मॉड्यूलला नव्हती.

मॉड्यूलने काय केलं

परवानगीचं मॉड्यूल आधी फक्त रिक्वेस्टसोबत येणाऱ्या टोकनवरची (परवान्याच्या चिठ्ठीवरची) सही तपासायचं. ते शुद्ध गणित, काही मायक्रोसेकंदांचं. पुढे मागणी आली की रद्द केलेली टोकनंही अडवायची. ती यादी दुसऱ्या एका अंतर्गत सेवेकडे होती. मग मॉड्यूलने सही तपासायची, टोकन आपल्या छोट्या कॅशमध्ये (आधी मिळालेल्या उत्तरांच्या साठ्यात) आहे का पाहायचं, नसेल तर त्या सेवेला एचटीटीपीवरून विचारायचं, असं ठरलं. विचारण्यासाठी साधी ब्लॉकिंग, म्हणजे उत्तर येईपर्यंत अडून राहणारी, लायब्ररी वापरली. दुसरं काही वापरताही आलं नसतं, कारण फंक्शनमधून बाहेर पडायचं तर उत्तर घेऊनच.

लोड टेस्टमध्ये काही दिसलं नाही. लोड टेस्ट करणारी स्क्रिप्ट एकच टोकन वापरायची, त्यामुळे पहिल्या रिक्वेस्टनंतर सगळं कॅशमधून. खऱ्या वापरात टोकनं हजारो आणि प्रत्येक वर्करचा कॅश वेगळा.

आता हिशेब पाहा. सेवेचं उत्तर एका मिलिसेकंदात येतं असं धरलं, तरी तो मिलिसेकंदभर वर्कर काहीच करत नाही. त्याच्याकडे हजारो कनेक्शन असली तरी सगळी खोळंबलेली. सगळ्याच रिक्वेस्टना विचारायची वेळ आली तर एक वर्कर सेकंदाला हजाराच्या वर जाऊच शकत नाही, मग प्रोसेसर कितीही रिकामा असो. एका कनेक्शनला एक प्रोसेस देणाऱ्या जुन्या पद्धतीत हाच मिलिसेकंद फक्त त्या एका रिक्वेस्टला भोवला असता. लूपवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये एकाचं थांबणं सगळ्यांच्या वाट्याला येतं.

पण एक मिलिसेकंद म्हणजे पाच सेकंद नव्हेत.

शोध

पाच सेकंदांची ती पक्की वरची हद्द पाहूनच जाणत्यांना टाइमआउटचा वास येतो. तरी सुरुवातीचा वेळ भलतीकडेच गेला, कारण सर्व्हरचा लॉग निर्दोष होता. प्रोसेसर रिकामा, डिस्क शांत, नेटवर्कवर पॅकेट गळत असल्याचं कुठे दिसत नाही. साहजिकच संशय सर्व्हरच्या पुढे बसून रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरवर गेला.

लोड बॅलन्सरच्या लॉगनेच दिशा दिली. त्यातल्या एका सेकंदाहून जास्त लागलेल्या रिक्वेस्ट बाजूला काढल्या आणि सुरुवातीच्या वेळेऐवजी संपण्याच्या वेळेनुसार लावल्या. तेव्हा त्यांचे घोस दिसले. एका घोसात वेगवेगळ्या पत्त्यांच्या, वेगवेगळ्या आकाराच्या रिक्वेस्ट. एकीला ४.९ सेकंद लागलेले, दुसरीला ३.२, तिसरीला १.१. सुरुवात प्रत्येकीची वेगळी, शेवट मात्र एकाच क्षणी. सर्व्हरच्या लॉगमध्ये वर्करचा क्रमांक असायचा; तो जुळवून पाहिला तर घोसातल्या झाडून सगळ्या एकाच वर्करच्या. म्हणजे रिक्वेस्ट हळू नव्हत्या. वर्कर पाच सेकंद गोठत होता आणि त्या काळात जी जी रिक्वेस्ट त्याच्या दारात आली ती उरलेला वेळ थांबत होती.

मग सर्व्हरचा लॉग खोटं का सांगत होता? याची कारणं दोन, आणि दोन्ही लूपच्या सर्व्हरमध्ये सर्रास आढळतात.

पहिलं कारण घड्याळाचं. वेळ विचारणारा सिस्टम कॉल (कर्नलला घातलेली हाक) एकेकाळी महाग होता, म्हणून असे सर्व्हर लूपच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एकदाच वेळ विचारून जपून ठेवतात आणि फेरीभर तीच वापरतात. इथेही तसंच होतं. मॉड्यूल सुरू होताना जी वेळ नोंदली, तीच ते पाच सेकंदांनी परतल्यावरही नोंदली गेली, कारण फेरी संपलीच नव्हती. छोटं उत्तर त्याच फेरीत पाठवलं गेलं, लॉगची ओळही त्याच फेरीत लिहिली गेली. लागलेला वेळ: शून्य.

दुसरं कारण मोजायला सुरुवात कुठून करायची याचं. घोसातल्या बाकीच्या रिक्वेस्टचे बाइट कर्नलच्या बफरमध्ये येऊन पडले होते, पण सर्व्हरचं मोजमाप सुरू व्हायचं ते पहिला बाइट वाचल्यापासून. गोठलेला वर्कर जागा झाला, सगळ्या एकदम वाचल्या, झटपट उत्तरं दिली आणि प्रत्येकीपुढे मिलिसेकंदाहून कमी वेळ लिहिला. आपल्या झोपेचा हिशेब झोपलेल्याकडूनच मागितला की असंच व्हायचं.

यानंतर एका वर्करला एस-ट्रेस (strace, प्रोसेसचे सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावला, प्रत्येक सिस्टम कॉलला लागलेला वेळ दाखवायला सांगून. एस-ट्रेसमुळे प्रोसेस चांगलीच मंदावते, म्हणून सगळ्यांना लावायचा नसतो. थोड्या वेळाने हवी ती ओळ आली: पोर्ट ५३ कडे यूडीपीची दोन पॅकेट पाठवली, मग पोल (उत्तराची वाट पाहणारा सिस्टम कॉल), टाइमआउट ५००० मिलिसेकंद, निकाल शून्य, म्हणजे उत्तराविनाच वेळ संपली. त्यानंतर तेच प्रश्न पुन्हा, आणि या वेळी उत्तर लगेच.

पोर्ट ५३ म्हणजे डीएनएस, नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. मॉड्यूल सेवेकडे जाताना दर वेळी तिच्या नावाचा पत्ता शोधत होतं. ग्लिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचं गेट-अ‍ॅडर-इन्फो हे नाव शोधणारं फंक्शन ब्लॉकिंग आहे, स्वतःकडे उत्तरं जपून ठेवत नाही, आणि नेम सर्व्हरकडून उत्तर न आल्यास ठरावीक ५ सेकंद थांबून पुन्हा विचारतं. शिवाय आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्हींचे प्रश्न ते एकाच सॉकेटवरून पाठोपाठ सोडतं. दोनपैकी एकाचं उत्तर हरवलं तरी पूर्ण पाच सेकंद जातात. लिनक्सच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये अशा जोडीने निघालेल्या पॅकेटांची शर्यत लागून त्यातलं एक टाकलं जातं, हा दोष बऱ्याच जणांना भोवलेला आहे. मॉड्यूल लिहिणाऱ्याने नेटवर्क कॉलला टाइमआउट लावला होता, पण तो कनेक्शन जोडण्यापासून पुढचा. नाव शोधणं त्यात येतच नव्हतं.

सर्व्हर नीट चालतोय का ते तपासत राहणाऱ्या हेल्थ चेकने हे का पकडलं नाही? तो दर वेळी नवं कनेक्शन उघडायचा, आणि ते हॅशने कुठल्यातरी वर्करकडे जायचं. आठ वर्करपैकी एक गोठलेला असला तर बहुतेक वेळा तपासणी मोकळ्याच वर्करवर पडणार.

वर रचनेत सांगितलेल्या वेगळ्या सॉकेटांनी इथे भर घातली. प्रत्येक वर्करची रांग वेगळी असल्याने, वर्कर गोठला तरी कर्नल हॅशप्रमाणे नवी कनेक्शन त्याच्याच रांगेत टाकत राहिला. शेजारचे सात मोकळे असूनही ती उचलू शकत नव्हते.

तात्पुरता इलाज

रिझॉल्व्हरच्या (नाव शोधणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये टाइमआउट ५ वरून १ सेकंदावर आणला, दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या सॉकेटवरून पाठवण्याचा पर्याय लावला, आणि यंत्रावरच डीएनएसची उत्तरं जपणारी एक छोटी सेवा बसवली. तक्रारी जवळजवळ थांबल्या. बऱ्याच ठिकाणी प्रकरण इथेच बंद होतं आणि पुढच्या मॉड्यूलने पुन्हा डोकं वर काढतं.

इंटरफेस बदलणं

खरी दुरुस्ती म्हणजे चौथं उत्तर: ‘थांबलोय’. मॉड्यूलने हे परत दिलं की गाभ्याने (सर्व्हरच्या मूळ कोडने) ती रिक्वेस्ट बाजूला ठेवायची, लूप पुढे चालू, आणि मॉड्यूलने सांगितलेली घटना घडली की रिक्वेस्ट त्याच टप्प्यावरून उचलायची. एंजिन-एक्सच्या मॉड्यूलना असं उत्तर देता येतं, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. त्याच्या मागे येणारं ओझं मात्र कुणी धरलं नव्हतं.

मॉड्यूल थांबलेलं असताना समोरचा माणूस ब्राउझर बंद करून निघून जातो. गाभा कनेक्शन बंद करतो आणि रिक्वेस्टची मेमरी मोकळी करतो. ती मेमरी लगेच दुसऱ्या रिक्वेस्टला मिळते. मग पहिलीचं उत्तर उशिरा येतं आणि मॉड्यूल ते जुन्या पॉइंटरवर (मेमरीतल्या जुन्या पत्त्यावर) लिहून टाकतं. नशीब चांगलं असेल तर सर्व्हर कोसळेल. वाईट असेल तर एकाच्या टोकनचा निकाल दुसऱ्याच्या रिक्वेस्टला लागेल, आणि रद्द टोकनवाल्याला फाइल मिळेल. मला विचाराल तर पाच सेकंदांच्या अडकणुकीपेक्षा हे कितीतरी भयंकर. उपाय दोन लागले. प्रत्येक रिक्वेस्टवर संदर्भांची मोजणी ठेवली, म्हणजे कुणी वाट पाहत असेपर्यंत मेमरी सुटत नाही. आणि प्रत्येक घटनेसोबत पिढीचा क्रमांक ठेवला, म्हणजे शिळी घटना ओळखून टाकता येते. एंजिन-एक्स इपोलमधल्या शिळ्या घटना ओळखण्यासाठी पॉइंटरच्या सर्वांत खालच्या, एरवी नेहमी शून्य असणाऱ्या बिटचा वापर करतो. तो कोड वाचून टीमने ही कल्पना घेतली.

नाव शोधण्याचं काम सी-एरेस या नॉन-ब्लॉकिंग लायब्ररीकडे दिलं. जे कोणत्याच प्रकारे नॉन-ब्लॉकिंग होत नाही ते थ्रेड पूलकडे, म्हणजे लूपच्या बाहेर काम करणाऱ्या थ्रेडच्या गटाकडे. डिस्कवरचं वाचन त्यातलंच. इपोल साध्या फाइलींसाठी चालतच नाही. फाइल जोडायला गेलं की कर्नल परवानगी नसल्याची चूक देतो. गठ्ठा-फाइलीचा तो भाग मेमरीत नसेल तर सेंडफाइल डिस्कची वाट पाहत वर्करला अडवून ठेवतं. लिनक्स ४.१४ पासून प्रीडव्ही२ या कॉलला ‘मेमरीत असेल तरच दे, थांबू नकोस’ असं सांगता येतं. वर्कर आधी असं विचारतो; नकार आला तर काम थ्रेडकडे जातं. नेहमी लागणाऱ्या फाइलींना थ्रेडचा फेरा पडत नाही.

लॉगचंही तेच. डिस्कवर न उतरलेला मजकूर फार साचला की कर्नल लिहिणाऱ्यालाच थांबवतो. लॉग आता वेगळ्या थ्रेडमधून लिहिला जातो.

ऐकणारा सॉकेट पुन्हा एकच, सगळ्यांचा सामाईक केला, आणि लिनक्स ४.५ पासूनची इपोल-एक्सक्लूझिव्ह सोय लावली, म्हणजे एका कनेक्शनसाठी सगळे वर्कर जागे होत नाहीत. यात काम असमान वाटलं जातं, काही वर्करना जास्त कनेक्शन मिळतात. ते चालवून घेतलं. बदल्यात एक फायदा आणखी झाला: वेगळ्या सॉकेटांच्या पद्धतीत नवी सेटिंग लागू करताना जुना वर्कर बंद झाला की त्याच्या रांगेतली न उचललेली कनेक्शन तुटायची. ते बंद झालं.

आणि घड्याळ. आजच्या लिनक्समध्ये वेळ विचारायला व्हीडीएसओ नावाच्या सोयीमुळे कर्नलमध्ये जावंही लागत नाही, त्यामुळे काटकसरीचं कारण फारसं उरलेलं नाही. आता मॉड्यूलच्या प्रत्येक हाकेआधी आणि नंतर गाभा खरी वेळ घेतो, आणि १० मिलिसेकंदांच्या वर गेलं की मॉड्यूलचं नाव आणि टप्पा लॉगमध्ये लिहितो. सगळ्या दुरुस्तीत एकच काही ठेवायची मुभा असती तर मी हे ठेवलं असतं. ‘थांबलोय’ म्हणायची सोय दिली म्हणून मॉड्यूल लिहिणारा ती वापरेलच असं नाही. शिवाय प्रत्येक खोळंबा वाट पाहण्याने होतो असंही नाही. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा जगभर कोलमडली ती फायरवॉलच्या नियमातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनमुळे. प्रोसेसर त्यात पूर्ण गुंतून पडले. तिथे कसलीच वाट पाहिली जात नव्हती, नुसतं गणित चाललं होतं. असं काही कोणत्याही इंटरफेसने अडत नाही. घड्याळात मात्र ते लगेच दिसतं.

नंतरचा प्रश्न

बदल लागू झाल्यावर यादीची सेवा एकदा मंदावली. वर्कर आता थांबत नव्हते, त्यामुळे बाकीच्या फाइल नीट जात होत्या. पण ‘थांबलोय’ म्हणणाऱ्या रिक्वेस्टचा ढीग वाढत गेला, त्यासोबत मेमरी, आणि आधीच दमलेल्या सेवेवर नवे प्रश्न आदळत राहिले. जुनं ब्लॉकिंग कितीही वाईट असलं तरी ते नकळत एक मर्यादा घालत होतं: आठ वर्कर, म्हणजे सेवेकडे एकाच वेळी जास्तीत जास्त आठ प्रश्न. ती मर्यादा गेली होती, आणि तिच्या जागी दुसरी कुणी बसवलेली नव्हती.

म्हणून प्रत्येक मॉड्यूलला एका वेळी किती रिक्वेस्ट थांबवून ठेवता येतील याची हद्द घातली, आणि प्रत्येक थांबण्याला गाभ्याकडून टाइमआउट. हद्द ओलांडली की लगेच ५०३, म्हणजे ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ हे उत्तर. आता वाद पेटला तो वेगळ्याच गोष्टीवर: सेवा उत्तर देत नसेल तर सही बरोबर असलेल्याला फाइल द्यायची की नाकारायची? नाकारली तर सेवा पडल्यावर सगळंच बंद. दिली तर रद्द टोकनंही त्या काळात चालणार. हा प्रोग्रामरने परस्पर ठरवायचा मामला नाही, आणि तो ज्यांच्याकडे न्यायला हवा होता त्यांच्याकडे नेला गेला.

त्यांनी विचारलं की ही यादी आहे तरी केवढी. ती छोटी होती, सहज मेमरीत मावणारी. आता एक पार्श्वभूमीचं काम दर काही सेकंदांनी यादीतला बदल आणून सगळ्या वर्करपुढे ठेवतं आणि परवानगीचं मॉड्यूल नेटवर्ककडे फिरकतही नाही. बदल ठरलेल्या वेळेपेक्षा जुना झाला तर काय करायचं तेही सेटिंगमध्ये लिहून ठेवलंय: संवेदनशील गठ्ठ्यांसाठी नकार, बाकीच्यांसाठी होकार. ज्या मॉड्यूलपायी चौथं उत्तर जन्माला आलं, ते स्वतः पुन्हा तीनच उत्तरांवर चालतं. चौथं सध्या वापरतं ते चित्रांचा आकार बदलणारं मॉड्यूल. त्याचं काम थ्रेड पूलमध्ये होतं, आणि १० मिलिसेकंदांच्या इशाऱ्यात त्याचं नाव अजून अधूनमधून येतं, कारण काम थ्रेडकडे सोपवण्याआधी ते चित्राचं हेडर वर्करमध्येच वाचतं.